अनारशावरची खसखस

दिवाळी आटोपून लेकीकडे किंवा मुलाकडे दुबईला निघालेल्या खान्देशी घरातली बॅग एकदा उघडून पाहावी. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, कळण्याचे पीठ, घरी कुटलेल्या काळ्या मसाल्याची पाकिटे, प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीनदा गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि स्टीलच्या डब्यात एकावर एक रचलेले अनारसे. यातले नेमके काय विमानतळावर गोत्यात आणेल, असे विचारले तर बहुतेक जण लोणच्याकडे बोट दाखवतील. लोणच्याचा तेथे फारसा प्रश्न नाही. प्रश्न आहे अनारशावर लावलेल्या खसखशीचा. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. संयुक्त अरब अमिरातीत ती आणायला बंदी आहे आणि तिच्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याच्या नजरेने पाहिले जाते. सौदी अरेबियात आणि सिंगापुरातही तिला मज्जाव आहे. काळ्या मसाल्यात भाजून वाटलेली खसखस डोळ्यांना दिसत नाही, पण कायद्याच्या लेखी तीही खसखसच.

सुरतच्या दक्षिण-पूर्व भागातल्या लिंबायतमध्ये आणि तिला लागून असलेल्या डिंडोली, उधना, गोडादरा भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिली, साड्यांचे मार्केट यांच्या ओढीने ही माणसे तापी खोऱ्याच्या रेल्वेने येथे आली आणि येथलीच झाली. विदेशात जायचे तर पूर्वी आधी मुंबई किंवा अहमदाबाद गाठावे लागे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरतहून शारजाचे विमान सुरू झाले, डिसेंबर २०२३ मध्ये दुबईचे आणि डिसेंबर २०२४ मध्ये बँकॉकचे. डिसेंबर २०२३ मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळाने सुरत विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यास मंजुरी दिली. डुमस रस्त्यावरच्या या विमानतळावर रिक्षाने जाता येते. त्यामुळे ज्या घरात पासपोर्ट हा शब्द कधी निघाला नव्हता, त्या घरातली माणसेही आता परदेशी कस्टमच्या टेबलापुढे उभी राहतात.

सीमा ओलांडली की कायदा बदलतो, हे लिंबायतच्या माणसाला कोणी शिकवायला नको. गावी जाताना वाटेत नवापूर लागते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. त्याच फलाटावर चार पावले चालले की दारूबंदीचे राज्य संपते. परदेशी विमानतळावर हेच घडते, फक्त तेथे रेषेवर माणूस उभा असतो आणि तो बॅग उघडायला सांगतो.

ही तपासणी सुरतला नवी नाही. सतराव्या शतकात मुघल साम्राज्यात समुद्रमार्गे येणारा माल आणि माणूस प्रामुख्याने सुरतेतच उतरे. हजला जाणारे यात्रेकरूही येथूनच गलबतात बसत. तापीच्या काठी किल्ल्याला लागून जकातघर होते, त्याला फुरजा म्हणत. फ्रेंच प्रवासी थेवेनो १६६६ च्या जानेवारीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीनंतर दोन वर्षांनी, येथे उतरला. झडती किती कसून होई ते त्याने लिहून ठेवले आहे. उतारूंना एकेक करून आत घेत, डोक्यावरचे पागोटे, कमरेचा पट्टा, पायातले जोडे सगळे काढायला लावत आणि अंग चाचपून पाहत. हिऱ्या-मोत्यांचा व्यापारी ताव्हर्निये यानेही सुरतच्या जकातघराची हीच ख्याती सांगितली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे खाजगी व्यापाऱ्याला मालावर चार-पाच टक्के जकात पडे, इंग्रज आणि डच कंपन्यांना कमी. सोन्या-चांदीवर दोन टक्के घेत आणि ते मोजून झाले की टांकसाळीचा अधिकारी नाणी पाडायला घेऊन जाई. कोणाकडून किती घ्यायचे हे धर्मावरही ठरे. औरंगजेबाच्या १६६५ च्या फर्मानाने मुसलमान व्यापाऱ्यांना अडीच टक्के आणि हिंदूंना पाच टक्के असा दर लावला. आज जगातला कुठलाही कस्टम अधिकारी प्रवाशाचा धर्म पाहून कर आकारत नाही, ही साडेतीनशे वर्षांतली मोठी कमाई आहे. मात्र त्याला काय हवे आहे ते तेच राहिले. राज्याचा कर बुडू नये आणि राज्याला नको ती वस्तू आत येऊ नये.

‘ड्युटी-फ्री’ या पाटीने जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. विमानतळावरचे पहिले ड्युटी-फ्री दुकान १९४७ मध्ये आयर्लंडच्या शॅनन येथे निघाले. अटलांटिक ओलांडणारी विमाने तेव्हा इंधन भरायला तेथे थांबत. उतारू विमानातून उतरलेला असे, पण आयर्लंडमध्ये शिरलेला नसे. मग त्याला विकलेल्या बाटलीवर आयर्लंडने कर का घ्यावा, असा तो साधा हिशेब होता. दुबईचे प्रसिद्ध दुकान १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले, तेही आयर्लंडहून आलेल्या माणसांच्या मदतीने. म्हणजे ड्युटी-फ्री दुकानात माफ होतो तो ज्या देशातून आपण निघालो त्या देशाचा कर. जेथे उतरायचे आहे त्या देशाने काहीही माफ केलेले नसते. त्या देशाची स्वतःची मर्यादा असते आणि दुकानाच्या सीलबंद पिशवीतला मालही त्या मर्यादेतच मोजला जातो. बँकॉकला उतरताना माणशी एक लिटर दारू आणि २०० सिगारेटी चालतात. सिंगापुरात सिगारेटीला सवलतच नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो. मित्रांची टोळी सहलीला निघते आणि सगळ्यांचे सिगारेटचे खोके एकाच्याच पिशवीत ठेवते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो सगळा माल त्या एकाचाच ठरतो. थायलंडमध्ये याच कारणाने पुष्कळांनी जबर दंड भरला आहे. ज्याची वस्तू त्याच्या हातात, एवढे पाळले तरी हा प्रसंग टळतो.

कराचे हे नियम पैशाने मिटतात. सांगितले, भरले, निघाले. खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम मात्र वेगळ्या मुळातून आलेले आहेत आणि तेथेच आपल्या माणसांचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. एवढ्याशा कढीपत्त्याने अमेरिकेचे काय बिघडणार, असे लोक रागाने विचारतात. बिघडले आहे, आणि भरून न येण्याइतके बिघडले आहे. लिंबूवर्गीय झाडांवर राहणारी एक बारीक कीड, सिट्रस सिला, कढीपत्त्यावरही पोसली जाते. ही कीड संत्र्याच्या बागेत ज्या रोगाचे जंतू नेते त्याने फळे हिरवीच राहतात, कडवट होतात आणि काही वर्षांत झाड वाळून जाते. विदर्भातल्या संत्रा उत्पादकांनाही हा रोग ठाऊक आहे. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्यात २४ कोटींवर पेट्या संत्री निघाली होती, वीस वर्षांनी हा आकडा दोन कोटींच्याही आत आला. वादळांचाही त्यात हात होता, पण मुख्य घाव या रोगाचा. म्हणून ताज्या कढीपत्त्याची जुडी अमेरिकेत नेता येत नाही.

घारीची गोष्टही अशीच. चांदनी पडव्याच्या सणाला सुरतेत घराघरांत घारी ही मिठाई येते. ती लंडनच्या भाच्याला पाठवावी असे कोणालाही वाटेल. पण घारी म्हणजे मावा आणि तूप, आणि भारतातून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. युरोपीय संघाच्या देशांतही नाही. याला कारण लाळ्या-खुरकूत. ज्यांच्या गावाकडे गाय-बैल आहेत त्यांना हा रोग समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे तो आहे, आपण त्याच्यासोबत जगतो, लसी टोचतो. ब्रिटनमध्ये तो नाही. २००१ मध्ये तो तेथे शिरला. बाहेरून आलेल्या मांसाचे उष्टे-खरकटे नीट न उकळता डुकरांना घातले गेले, तेथून सुरुवात झाल्याचा चौकशीचा निष्कर्ष होता. रोग आवरण्यासाठी साठ लाखांवर जनावरे मारावी लागली. ज्या देशाने हे पाहिले आहे, त्या देशाचा अधिकारी मिठाईचा डबा बाजूला काढून ठेवतो तेव्हा तो आपला अपमान करत नसतो.

ऑस्ट्रेलिया याबाबतीत सगळ्यांहून कडक. सप्टेंबर २०२५ मध्ये मल्याळी अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला गेली. वडिलांनी घेऊन दिलेला मोगऱ्याच्या जातीचा गजरा तिच्याजवळ होता, वीतभरही लांब नसेल. त्यासाठी तिला १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे एक लाख चौदा हजारांच्या आसपास रुपये दंड झाला. तिने स्वतःच हे जाहीरपणे सांगितले आणि अजाणता झाले म्हणून सुटका होत नाही, हेही कबूल केले. आपल्याकडे निरोपाला विमानतळावर आलेली मावशी केसांत गजरा माळते, कोणी हातात नारळ देते, कोणी देवाचा अंगारा आणि तुळशीची पाने. हे सगळे आपल्या मायेचे आहे, पण ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये पान, फूल, बी, लाकूड, माती हे सगळे जाहीर करण्याच्या यादीत येते.

या नियमांची एक बाजू मात्र प्रवाशाला मोठा दिलासा देणारी आहे आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. खाण्याच्या वस्तूंबाबत जवळपास सगळीकडे शिक्षा होते ती लपवल्याबद्दल. अमेरिकेच्या कस्टम अर्जावर खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नापुढे ‘हो’ म्हटले की अधिकारी पाहतो. पापड, मसाला, भाजलेले पीठ बहुधा परत देतो, नको ते कचरापेटीत टाकतो आणि जाऊ देतो. ‘नाही’ म्हणून पुढे गेले आणि बीगल जातीच्या कुत्र्याने बॅगेशेजारी बसकण मारली, तर न सांगितल्याचा दंड दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. ही कुत्री १९८४ पासून तेथल्या विमानतळांवर आंबा आणि मांस हुंगत आहेत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांना ती दाद देत नाहीत. आईवडील मुलांकडे जातात तेव्हा मुलेच फोनवर बजावतात, ‘बाबा, कोणी विचारलं तर काही नाही म्हणा.’ हा सल्ला अगदी उलटा आहे. सगळ्याला हो म्हणा, असे सांगायला हवे. इंग्रजी येत नसेल तर कागदावर लिहून हातात द्या.

जाहीर करूनही सुटका होत नाही अशा वस्तूंचा वर्ग वेगळा, त्या घरीच राहायला हव्यात. अमिरातीची खसखस यातली. तेथे पान, विड्याची पाने आणि चघळायची तंबाखूही चालत नाही. सुरतेत तंबाखू-सुपारीचा मावा खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो, म्हणून प्रत्येक पॅण्टचा खिसा आणि जुन्या हॅण्डबॅगेचा चोरकप्पा विमानाआधी उलटा करून पाहावा. थायलंडमध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेट बाळगणे गुन्हा आहे. औषधांचे प्रकरण त्याहून नाजूक. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. अमिरातीत ही औषधे नियंत्रित आहेत आणि ती न्यायची तर तेथल्या सरकारची परवानगी आधीच ऑनलाइन घ्यावी लागते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. गोळ्या सोलून एका डबीत भरण्याची सवय मात्र सोडावी, कारण नाव नसलेली गोळी कशाची आहे हे त्या टेबलावर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

लिंबायतच्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याच्या धंद्याशी येऊन भिडते. दुबईला चाललोच आहोत तर वीस-पंचवीस साड्या घेऊन जाऊ, ओळखीत विकल्या जातील, तिकीट निघेल, असा विचार साड्यांच्या गावात येणारच. अमिरातीत भेटवस्तूंना तीन हजार दिरहमपर्यंत सूट आहे, पण ती भेटवस्तूंना. एकाच डिझाइनच्या, पाच रंगांतल्या, प्लास्टिकमध्ये घडी घातलेल्या साड्या कोणाही अधिकाऱ्याला भेटवस्तू वाटत नाहीत. तो व्यापारी माल ठरतो आणि प्रवाशाची सवलत त्याला लागू होत नाही. प्रदर्शनासाठी नमुने न्यायचे असतील तर एटीए कार्नेट नावाची व्यवस्था आहे. भारतात ती फिक्की ही संस्था देते. माल ठरावीक मुदतीत परत आणण्याच्या हमीवर तो कर न भरता नेता-आणता येतो.

आता परतीचा प्रवास. भारतात शिरणाऱ्या प्रवाशासाठी २०१६ च्या बॅगेज नियमांनी पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त ठेवल्या होत्या. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५ हजार केली. मर्यादेच्या वरच्या किमतीवर अनेक वर्षे ३८.५ टक्के कर पडत आला. जुन्या मर्यादेत एक लाख दहा हजारांचा फोन आणणाऱ्याला वरच्या साठ हजारांवर २३,१०० रुपये भरावे लागत, आणि हा हिशेब दुबईतल्या दुकानदाराने कधीच सांगितलेला नसे. टीव्ही ऑगस्ट २०१३ पासून सवलतीतून बाहेरच काढला गेला.

दागिन्यांची सवलत अनेकांना चुकीची ठाऊक असते. ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीला नाही. २०१६ च्या नियमांत बाईला ४० ग्रॅम, पण एक लाख रुपयांच्या आत, आणि पुरुषाला २० ग्रॅम, पण पन्नास हजारांच्या आत, अशी दुहेरी अट होती. तेव्हा दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या आसपास मिळे, त्यामुळे अट निदान अर्थपूर्ण होती. २०२५ च्या अखेरीला दहा ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्याही वर गेला, तेव्हा ४० ग्रॅमची सवलत प्रत्यक्षात आठ ग्रॅमचीही उरली नाही. कष्टाने चार तोळे साठवून आखातातून परतणाऱ्या बाईवर हा अन्यायच होता. २०२६ च्या नियमांनी रुपयांची अट काढली आणि फक्त वजन ठेवले, हे योग्य झाले.

सुरतच्या विमानतळावर सोन्याबाबत नजर इतकी करडी का, याचे उत्तर जुलै २०२३ मध्ये आहे. शारजाहून आलेल्या विमानातल्या तीन प्रवाशांकडून आणि विमानतळाच्या स्वच्छतागृहातून महसूल गुप्तचर संचालनालयाने ४८ किलो २०० ग्रॅम सोन्याची पेस्ट पकडली, किंमत सुमारे २५ कोटी. बहुतेक पेस्ट काळ्या पट्ट्यांत लपवलेली होती. सोन्यावर तेव्हा १५ टक्के कर होता. एका किलोमागे आठ-नऊ लाख रुपये वाचतात म्हटल्यावर माणसे ते ओझे अंगावर घ्यायला तयार होत. पुढच्याच वर्षी कर सहा टक्क्यांवर आला. तिकीट, राहणे फुकट देतो, फक्त एवढी पिशवी घेऊन ये, असे सांगणारे लोक गरीब वस्त्यांतच माणसे हेरतात. पकडला जातो तो पिशवी वाहणारा. पिशवीत काय होते ते मला माहीत नव्हते, हे म्हणणे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते.

सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे आणि त्यात प्रवाशाच्या बाजूचेही पुष्कळ आहे. अंगझडती घ्यायची असेल तर आधी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या, असे कलम १०२ खाली सांगता येते. बाईची झडती बाईच घेईल, हेही त्याच कलमात आहे. कलम ८० प्रमाणे, सवलतीत न बसणारी वस्तू खरेपणाने जाहीर केली असेल तर ती कस्टमकडे ठेवून परत जाताना सोबत नेण्याची विनंती करता येते. अमेरिकेतून महिनाभरासाठी आलेल्या भाच्याला हे फार उपयोगी पडते.

दारूबाबत सुरतला उतरणाऱ्याची गाठ दोन कायद्यांशी आहे. कस्टम दोन लिटरपर्यंत कर घेत नाही. पण विमानतळाच्या दारापलीकडे गुजरातची दारूबंदी सुरू होते आणि परवान्याशिवाय बाटली बाळगणे हा तेथे गुन्हा आहे. ड्युटी-फ्रीची पावती कर माफ झाल्याचे सांगते, परवान्याचे काम ती करत नाही.

आणि लग्नाला किंवा बारशाला अंगावर घरचे दागिने घालून जाणाऱ्या बायकांसाठी सर्वांत महत्त्वाचे काम जाण्याच्या दिवशीच करायचे असते. विमानतळावर एक तास लवकर जावे, सामान चेक-इनला देण्यापूर्वी कस्टमच्या टेबलाशी दागिने दाखवावेत आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे. सराफाची जुनी बिले किंवा मूल्यांकनाचा कागद जवळ असला की काम लवकर होते. दागिन्याचे वर्णन आणि वजन त्यावर लिहिलेले असते. परतताना वस्तू जाहीर करणाऱ्यांच्या लाल चॅनलमधून जावे, तो कागद आणि तेच दागिने सोबत दाखवावेत, म्हणजे आजीच्या पाटल्यांवर कोणी कर मागत नाही.